सकाळी नऊशे, संध्याकाळी हजार

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं रेडिओ लावून बसलाय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय संघाबद्दल, म्हणजे आपला बायकांचा बचत गट. संघ कसा चालतो हे तुम्हाला काय सांगायचं, प्रत्येक गल्लीत एक तरी आहेच. मला सांगायचंय ते एवढंच की घर सावरतं ते हिशोब दिसायला लागला की, कर्ज त्याच्यानंतर. परत सांगतो, आधी हिशोब, मग कर्ज.

२०१८ ची गोष्ट आहे. कडोलीच्या बाजूच्या एक आक्का, गणपत गल्लीत भाजी घेऊन बसायच्या, मेथी, कोथिंबीर, शेपू आणि सीझनला रताळी. पहाटे होलसेल मार्केटात माल उचलायला रोख लागते की नाही, तर ती एकजण द्यायचा. सकाळी नऊशे हातात, संध्याकाळी हजार परत. कागद नाही, सही नाही, विचारपूस नाही, आक्कांना तो माणूस देवासारखा वाटायचा आणि त्यात त्यांचं काय चुकलं, पहाटे चार वाजता दुसरं कोण देणार होतं?

गल्लीतल्या चौदा बायकांचा संघ होता, आठवड्याला पन्नास रुपये. आक्कांनी मीटिंगमध्ये तीन हजार मागितले. एक वहिनी लगेच बोलल्या, भाजीवालीचा काय भरवसा, माल सडला तर पैसे कोण भरणार? आक्का तापल्या, "मी कुणाचे बुडवलो काय आजपर्यंत? त्याला रोज शंभर जास्तीचे देतो की!" झालं, हिशोब लिहिणारी पोरगी बारावी झालेली, तिनं वहीचं मागचं पान उलटलं आणि विचारलं, मावशी, महिन्यात किती दिवस बसता? सव्वीस. मग शंभर गुणिले सव्वीस, दोन हजार सहाशे. गुणिले बारा, एकतीस हजार दोनशे. पोरीनं आकडा मोठ्यानं वाचला, तर ज्या वहिनी नको म्हणत होत्या त्याच ओरडल्या, "अगं बाई, वर्षाला तोळा सोनं घालतीस की त्याच्या घशात!" तेव्हा तोळा तीस-एकतीस हजाराच्या आसपासच होता ना. आक्कांना हजार आणि शंभर ही भाषा रोजचीच होती, त्यानं काही टोचत नव्हतं, पण तोळा म्हटल्यावर त्या मटकन खालीच बसल्या. वर्षाला एक तोळा, आणि मूळ रक्कम नऊशे, तीच रोज फिरतेय.

तीन हजार त्याच मीटिंगला मंजूर झाले. महिन्याला दोन टक्के, शिल्लक रकमेवर, दरमहा तीनशे मुद्दल असे दहा हप्ते. दहा महिन्यांचं मिळून व्याज झालं तीनशे तीस. तीनशे तीस, श्रोतेहो, त्या माणसाला चार दिवसांत जायचे त्याच्याहून कमी, आणि ते पण संघाच्याच पेटीत, म्हणजे त्यात आक्कांचाही वाटा. आषाढात पावसानं गिऱ्हाईकच नव्हतं तेव्हा हप्ता चुकला, संघानं दहा रुपये दंड घेतला आणि पंधरा दिवस थांबले. कुणाच्या पालात पाणी शिरलंय हे गल्लीला माहीत असतंय.

मी तर म्हणतो वही मराठीतच पाहिजे, निदान जिथं बायका मराठी वाचतात तिथं. बँकेचा फॉर्म कन्नडात असू दे, भरून देणारं कुणीतरी भेटतं, पण आपली वही आपल्याला वाचता आली नाही तर तो आकडा दिसणार कसा? आणि मीटिंग समोरासमोर बसूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर "भरले" असं टाकून होत नाही.

बाकी इतिहास थोडक्यात. बांगलादेशात १९७६ ला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मोहम्मद युनूस यांनी जोब्रा गावातल्या बेचाळीस जणांना मिळून सत्तावीस डॉलर दिले, बांबूचे स्टूल विणणाऱ्या बायका तिथं अशाच अडकलेल्या, रोजच्या भांडवलासाठी. आपल्याकडं नाबार्डनं, म्हणजे शेती आणि खेड्यांसाठीच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ ला बचत गट बँकेला जोडायचं सुरू केलं. गटानं नियमित बचत केली, आपसात कर्ज फिरवलं, वही नीट ठेवली की बँक गटाला कर्ज देते. वही नीट, हे परत तेच आलं बघा.

आता दारात येणाऱ्या फायनान्सचं, म्हणजे घरोघरी फिरून छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचं. तिथंही ग्रुप करतात, पण बचत नसते, नुसता हप्ता. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून घेतलं, दुसरीचा भरायला तिसरीकडून, अशी घरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत, आणि बऱ्याचदा पैसे गेलेले असतात नवऱ्याच्या गाडीला नाहीतर लग्नातल्या डॉल्बीला. डॉल्बीला कर्ज काढणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही, सही बाईची आणि नाच दुसऱ्यांचा. रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून असा आहे की सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. निम्म्याच्या वर नाही. घरात पंधरा हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून साडेसात हजार, बस. चौथं कर्ज द्यायला कुणी आलं तर आधीचे तिन्ही हप्ते त्याच्यासमोर मांडा.

आणि कुणी वसुलीला येऊन शिव्या देत असेल, भांडी बाहेर काढत असेल, तर घाबरून गाव सोडू नका. कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये यासाठी वटहुकूम निघाला, धाकदपटशानं वसुली केली तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. पोलीस ठाण्यात जाताना एकट्या जाऊ नका, संघातल्या चौघी बरोबर घ्या, आणि हप्त्याच्या पावत्या, कार्ड, जे काय असेल ते पिशवीत घाला.