पत्रं खोटी निघाली

[दृश्य: नारायण पेठ, केसरीवाड्याचा दरवाजा. सकाळची रहदारी.]

पुण्यात पत्रकारिता शिकायला आलेल्या मुलांना केसरीवाडा दाखवला जातोच. १९०८चा राजद्रोहाचा खटला, सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग, हे त्यांना तोंडपाठ असतं. असायलाच हवं. पण टिळकांचा पहिला तुरुंगवास मंडालेचा नव्हता आणि राजद्रोहासाठीही नव्हता. तो होता अब्रुनुकसानीच्या खटल्यातला. त्या खटल्याबद्दल आपण जरा हळू आवाजात बोलतो. आम्हाला विचाराल, तर वर्गातला पहिला तास त्याच खटल्यावर व्हावा.

साल १८८२. ‘केसरी’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. ‘केसरी’चे संपादक आगरकर, इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे. दोघंही पंचविशीचे. आज पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात चहा पीत उभी असलेली मुलं त्यांच्याहून फार तर दोन-चार वर्षांनी लहान.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती, चौथे शिवाजी महाराज, यांचा छळ होतोय अशी तेव्हा बोलवा होती. त्यामागे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे असं दाखवणारी पत्रं पुढे आली. त्यांवर विश्वास ठेवून मजकूर छापला गेला. बर्वे अब्रुनुकसानीसाठी कोर्टात गेले आणि तिथे पत्रं बनावट ठरली. दोघा संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. चार महिन्यांची झाली; प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. सुटून आले तेव्हा लोकांनी मिरवलं, हे खरं. पत्रं मात्र खोटीच होती.

आणि मेख पुढे आहे. महाराजांची काळजी वाटणं काही चूक नव्हतं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३मध्ये, अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. म्हणजे काळजी रास्त, हेतू निर्मळ, लिहिणारे पहिल्या रांगेतले बुद्धिमान. तरीही फसले. आपल्याला जे आधीपासून खरं वाटतंय, त्याचा पुरावा आयता हातात पडला की तो कागद उलटून पाहायचं सुचत नाही. फसवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

[दृश्य: पावसाळी रात्र. मुठेचं गढूळ पाणी, भिडे पुलाकडे जाणारा बंद रस्ता.]

आजचं बनावट पत्र मोबाईलवर येतं. जुलैची रात्र, धो धो पाऊस, आणि ग्रुपवर व्हिडिओ: ‘खडकवासल्यातून पाणी सोडलं, पूल गेला!’ १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हापासून धरणाची बातमी म्हटली की पुणेकर दचकतो. पुढे पाठवायला कोण थांबतंय?

वार्ताहराने थांबायचं असतं. पुलाचा कठडा आपल्याकडचा आहे का? मागच्या दुकानाच्या पाटीवर गाव कोणतं? ओरडणाऱ्यांच्या बोलण्याचा हेल कुठला? मग जलसंपदा विभागाला फोन: आत्ता विसर्ग किती, कधीपासून, वाढणार का? दुजोरा मिळाला तरी कुणीतरी नदीकाठी जाऊन डोळ्यांनी पाहून यायचं. एवढ्यात दुसऱ्या चॅनेलवर पट्टी फिरायला लागते आणि डेस्कवरून विचारणा होते, ‘आपल्याकडे का नाही?’ त्या फोनवर ‘अजून खात्री झालेली नाही’ एवढं एक वाक्य न अडखळता बोलता यायला हवं. कॅमेरा, एडिटिंग, टायपिंग हे सहा महिन्यांत हाताला बसतं. हे वाक्य जिभेवर यायला वेळ लागतो.

आकडा मिळाला तर तो कळलाही पाहिजे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात पोचला होता. दहा हजार लिटरचे जवळपास शंभर टँकर, दर सेकंदाला. असं सांगितलं की ऐकणारा खुर्चीत सावरून बसतो.

गुडघाभर पाण्यात उभं राहून पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बातमी सांगणं, करायला सगळेच जातात. चिखल धुऊन झाल्यावर परत जाणारे थोडे. बातमी खरं तर तेव्हा असते. इशारा किती वाजता मिळाला? पंचनाम्यात घरमालकाचं नाव आलं, भाडेकरूचं काय? इमारत निळ्या पूररेषेच्या आत की बाहेर? निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तो नकाशा वाचायला शिकवता येतो. भाडेकरूची आठवण होणं शिकवता येतं का, यावर शिक्षकांमध्येही एकमत नाही.

काही गोष्टींत मात्र मतभेदाला जागाच नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं. नाव गाळलं पण शाळा, गल्ली आणि वडिलांचा धंदा छापला, तर अख्ख्या पेठेला मूल कळतं.

[दृश्य: सरकारी कार्यालयातली खिडकी. अर्ज भरणारी विद्यार्थिनी.]

ही मुलगी माहिती अधिकाराचा अर्ज भरते आहे. शुल्क दहा रुपये. आधी तिने लिहिलं होतं, ‘पूररेषेबाबतची सर्व माहिती मिळावी.’ सरांनी ते खोडायला लावलं. इतक्या मोघम अर्जाला तितकंच मोघम उत्तर येतं. आता तिने इमारतीचा सर्व्हे नंबर, बांधकाम परवानगीची तारीख आणि पूररेषेच्या नकाशाची प्रत, एवढंच मागितलंय. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, तर पहिलं अपील.