घोट्यातला एक मिलिमीटर

नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये भाजी विकणाऱ्या या ताईंचा बहुतेक दिवस उकिडवे बसण्यात जातो. पावसाळ्यात चिखलावरून पाय घसरून त्यांचा उजवा घोटा मोडला, तेव्हा शस्त्रक्रियेआधी त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला : मला पुन्हा खाली बसता येईल ना? हाड जुळले की उत्तर मिळाले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते कित्येक महिन्यांनी मिळते. मात्र त्याचा पाया शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घातला जातो.

घोटा हा सुताराने बेतून बसवलेल्या खाचेसारखा सांधा आहे. वरून आणि आतून नडगीचे जाड हाड, बाहेरून तिच्या शेजारचे बारीक हाड, अशी दोघांची मिळून एक खाच तयार होते आणि तिच्यात पावलाचे टॅलस नावाचे हाड बसते. बारीक हाड मोडून थोडे आखूड झाले किंवा पिळले गेले, तर ही खाच रुंदावते आणि टॅलस बाजूला सरकू शकतो. रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला, मृतदेहांच्या घोट्यांवरचा प्रयोग अस्थिरोगतज्ज्ञ आजही सांगतात : टॅलस बाहेरच्या बाजूला अवघा १ मिलिमीटर सरकला, तरी सांध्यात हाडे एकमेकांना टेकण्याचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. अंगाचा भार तेवढाच राहतो, तो पेलणारी जागा तेवढी आक्रसते, आणि पुढे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून संधिवात होण्याचा धोका वाढतो.

तरीही शस्त्रक्रियेची घाई नेहमीच हिताची नसते. सूज फार असेल, तर ती ओसरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत अनेकदा थांबावे लागते, नाहीतर जखम भरून येणे अवघड होते. हाडे प्लेट आणि स्क्रूने बसवल्यावर, पाय साधारण १५ अंश आत वळवून, शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर टॅलसभोवतीची फट पाहतात. ती वर आणि आतल्या बाजूला सारखी दिसली पाहिजे. नडगी आणि शेजारचे बारीक हाड यांना खाली बांधून ठेवणारे लिगामेंट फाटले आहे का, हेही तिथेच ओढून तपासले जाते.

इथवरचे काम शल्यचिकित्सकाचे. पुढचे रुग्णाचे, आणि माझ्या मते अधिक चिकाटीचे. पायावर भार कधी आणि किती टाकायचा, हे हाडाच्या आणि जोडणीच्या मजबुतीवरून डॉक्टर ठरवतात. पुष्कळांना सुमारे सहा आठवडे वॉकर किंवा कुबड्या वापराव्या लागतात. तंबाखूतील निकोटिनमुळे हाड जुळण्याला विलंब होतो, आणि आपल्या शहरात घरोघरी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला जात असल्यामुळे हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

परवानगी मिळताच ताईंनी पाय लांब करून, चवड्याला दुपट्टा अडकवून, पाऊल आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. ओढताना पोटरीचा स्नायू ताणला जाई आणि घोट्यात करकरे. पाऊल वर उचलण्याची ही हालचाल परत मिळाल्याशिवाय जिना नीट उतरता येत नाही आणि टाच टेकवून उकिडवे बसताही येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरची प्रगती मोजण्यासाठी १९८४ पासून ओलेरुड आणि मोलँडर यांची शंभर गुणांची पद्धत वापरतात. तीत वेदनेला २५ गुण आहेत आणि उकिडवे बसण्याला केवळ ५. खुर्चीवर काम करणाऱ्या माणसाला हे प्रमाण पटेल. कॉटन मार्केटमध्ये मात्र त्या पाच गुणांवर पोट चालते, आणि म्हणून आपल्याकडच्या रुग्णाला बरे झाल्याचे सांगताना निव्वळ बेरीज न पाहता हा रकाना वेगळा पाहायला हवा.

सहाव्या महिन्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये ताईंच्या टॅलसभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे. त्या उकिडव्या बसतात, तेव्हा उजवी टाच अजून बोटभर वर राहते. तिच्याखाली त्या घडी केलेले पोते सरकवतात आणि मेथीच्या जुड्या बांधू लागतात.