एच-सातवरचा उंट

[दृश्य: सिडकोतली खोली. चार्जरला लावलेला मोबाइल, पडद्यावर पट.]

अंबड एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट सुटली की या खोलीत बुद्धिबळ सुरू होतं. लाकडी पट नाही, मोहरे नाहीत; मोबाइलवर तीन मिनिटांचं घड्याळ तेवढं पळत असतं. हा गडी कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला आहे. मायक्रोमीटरवर दहा मायक्रॉनचा फरक दिसला तरी जॉब रिजेक्ट करतो. पटावर मात्र हाताला लागेल तो मोहरा उधळून देतो.

[दृश्य: पट जवळून.]

त्याचा लाडका बेत बघा. पांढरे मोहरे मिळाले की प्यादं ई-पाचवर ढकलायचं, म्हणजे काळ्याच्या घोड्याला एफ-सहावर उभं राहता येत नाही. समोरच्याने किल्लेकोट केला, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेला, की डी-तीनवरचा उंट थेट एच-सातच्या प्याद्यावर. शह! राजाने उंट खाल्ला की घोडा जी-पाचवर, पुन्हा शह. राजा कोपऱ्याकडे सरकला की वजीर एच-पाचवर येतो, आणि मात दिसायला लागते.

युक्ती जुनीच. सतराव्या शतकात इटलीच्या ग्रेकोने लिहून ठेवलेली. पण तिला अटी आहेत. काळ्याचा उंट एफ-पाचवर येऊन एच-सातचं घर राखू शकला, तर सगळा हल्ला फुसका. राजा मागे न जाता जी-सहावर पुढे आला, तर मग नीट हिशेब मांडावा लागतो. आमचा गडी हिशेब मांडत नाही. तीन मिनिटांच्या डावात समोरचा गडबडतो, हा जिंकतो. दहा मिनिटांच्या डावात समोरचा विचार करतो, आणि उंट फुकट जातो. त्याचं ब्लिट्झचं (तीन मिनिटांच्या डावांचं) रेटिंग रॅपिडपेक्षा (दहा मिनिटांच्या डावांपेक्षा) वर का, याचं उत्तर इथेच मिळतं.

लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर अरीना स्पर्धा असतात, एकामागून एक डाव खेळत गुण जमवायचे. तिथे तर बर्झर्कचं बटण याच्यासाठीच केल्यासारखं आहे. आपलं घड्याळ निम्म्यावर आणायचं, जिंकलं तर एक गुण जादा. तो ते दाबतोच. समोर कोण आहे, हे नंतर बघतो.

रेटिंगबद्दल थोडं. लीचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या यादीत मार्च २०२४ पासून तळच १४०० आहे. दोन्ही आकडे एका तराजूत घालू नयेत. नातेवाईक घालतात, तो भाग वेगळा.

[दृश्य: गोदाघाट, संध्याकाळ.]

नाशकात उंटाच्या बळीचा विषय निघाला की इथलेच ग्रँडमास्टर विदित गुजराथी आलेच. एप्रिल २०२४, टोरांटोची कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा), दुसरी फेरी. समोर अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या विदितने उंट देऊन एच-तीनचं प्यादं मारलं आणि डाव जिंकला. नवव्या फेरीत नाकामुराला पुन्हा हरवलं. आमच्या गड्याला तो पहिला डाव तोंडपाठ आहे. एवढंच, की विदितचा बळी घरून तयारी करून आणलेला होता. याला तो घड्याळात चाळीस सेकंद उरल्यावर सुचतो.

[दृश्य: विश्लेषणाचा आलेख.]

आणि हा आलेख. मधल्या डावापर्यंत रेघ वर, याच्या बाजूने. मग हत्तींचा शेवट लागतो, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादीच उरतात. दोन प्यादी जास्त आहेत, हत्ती प्याद्यामागे नेऊन शांत बसायचं. हा शहावर शह देत सुटतो. एक प्यादं गेलं, दुसरं गेलं, मग वेळही गेला.

दर चालीला दोन सेकंद वाढवून मिळतात असे डाव खेळ, असं त्याला मित्रांनी सुचवलं. त्याने खेळून पाहिलं. वेळेवर हरणं कमी झालं, हे तोही मान्य करतो.

"पण मजा नाही येत राव. मोजमाप कंपनीत करतोच की."

नवा डाव लागलाय. समोरून कारो-कान, काळ्याची एक बचावाची सुरुवात. याने नेहमीसारखं प्यादं ई-पाचवर ढकललं, आणि तिसऱ्याच चालीला काळ्याचा उंट एफ-पाचवर येऊन बसला.

"गेला आजचा डाव," तो म्हणतो आणि तरीही उंट डी-तीनवर आणतो.