खोलवर जाणारी थेरपी

नमस्कार श्रोतेहो.

"थेरपी म्हणजे नुसतं बोलणंच ना? मग मैत्रिणीशी बोललं तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे. मैत्रिणीशी जरूर बोलावं. पण मैत्रीण आपली बाजू घेते, सल्ला देते, मध्येच स्वतःचंही सांगते. खोलवर जाणाऱ्या मानसोपचारात थेरपिस्ट यातलं फारसं काहीच करत नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ, बहुधा ५० मिनिटं. मनात येईल ते तुम्ही बोलायचं. सुरुवातीला हे फार अवघडल्यासारखं होतं.

समजा, एखाद्याचा जन्म सगळ्यांना खूश ठेवण्यात गेलाय. तो थेरपिस्टलाही खूश ठेवू लागतो. वेळेआधी येतो, तक्रार म्हणून करत नाही. मग थेरपिस्ट दोन आठवडे रजेवर जातात. "काही हरकत नाही," असं हसून म्हणतो आणि रजेनंतरच्या पहिल्या भेटीला यायचंच विसरतो! या विसरण्यामागे न बोललेला राग असू शकतो. खरं काम इथे सुरू होतं. जो राग त्याला आजवर कुणापुढेच काढता आला नाही, तो आता याच खोलीत, याच माणसाविषयी बोलता येतो. आणि बोलूनही नातं तुटत नाही.

जुन्या नात्यांतल्या भावना अशा नकळत थेरपिस्टकडे वळतात, याला ट्रान्सफरन्स म्हणतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडची 'डोरा' ही तरुणी तीनेक महिन्यांतच उपचार सोडून गेली. तिच्या बाबतीतलं हे ट्रान्सफरन्स आपल्या वेळीच ध्यानात आलं नाही, अशी कबुली त्यांनी १९०५ साली छापून दिली. उपचारातली अडचण वाटणारी ही गोष्टच पुढे या पद्धतीचं मुख्य साधन ठरली. बालपण उकरून काढणं हीच या थेरपीची ख्याती झाली, ती मला तरी अर्धवट वाटते.

ही वाट लांबची आहे. महिने, कधी वर्षं लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी २०१० साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं, की ही थेरपी संपल्यावरही सुधारणा वाढत राहते. त्यावर वादही झाले. आणि जीव नकोसा झाला असेल, तर लांबच्या वाटेचा विचार नंतर. आधी तातडीने डॉक्टरांकडे जा, सोबत कुणाला तरी घ्या.

पहिल्या एक-दोन भेटींत मोकळेपणाने विचारा: तुमचं प्रशिक्षण काय? माझं बोलणं कुणाकुणापर्यंत जातं? चुकलेल्या भेटीचे पैसे द्यावे लागतात का? आणि मला तुमचाच राग आला, तर?

या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस कसा बोलतो, तिकडे नीट लक्ष द्या. नमस्कार.