शेवटची दोन मिनिटं

नमस्कार मंडळी. वाचनालयाने मला नाण्यांवर बोलायला बोलावलंय आणि मी नाण्यांवर बोलणारच आहे, पण सुरुवात माझ्या टेबलाच्या ड्रॉवरपासून करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीची साफसफाई चालली होती, बायकोने खालचा ड्रॉवर ओढला आणि त्यात ११ पाकिटं निघाली. कुरिअरची, टेपसुद्धा न कापलेली. सगळ्यांत नाणी. मीच ऑनलाइन लिलावात घेतलेली, पैसे भरलेली, दारात सही करून ताब्यात घेतलेली, आणि मग न उघडता तशीच आत सरकवलेली. ती एवढंच म्हणाली, "अहो, बघायची नव्हती तर घेतली कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. आजचं भाषण म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

मी नववीत असल्यापासून नाणी जमवतो. आजोबांच्या देवघरात एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं होतं, त्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहायचे, तिथून हे सुरू झालं. नोकरीला लागल्यावर पुण्याला गेलो की रविवारी जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. तिथे कसं असायचं, माणूस फडक्यावर ढीग ओततो, आपण उकिडवं बसायचं, एकेक उचलायचं, अंगठ्याने धूळ पुसायची, कड बघायची, तळहातावर वजनाचा अंदाज घ्यायचा, मग भाव करायचा, नाही जमलं तर उठायचं. सकाळ सगळी जायची आणि खिशातले दोनशे रुपयेसुद्धा संपायचे नाहीत. मग २००४ मध्ये ईबेने आपल्याकडची बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट विकत घेतली आणि माझ्यासारख्यांना कॉम्प्युटरवर बोली लावायची चटक लागली. त्यांचं भारतातलं दुकान २०१८ ला बंद झालं पण तोपर्यंत आपल्याकडचे लिलाववाले ऑनलाइन यायला लागले होते, आणि लॉकडाऊनमध्ये तर सगळंच फोनवर आलं.

आता एक संध्याकाळ सांगतो. लॉटमध्ये, म्हणजे बोलीला ठेवलेल्या मालात, एक शिवराई होती, अक्षरं चांगली उठलेली. सुरुवात ५०० पासून. मी मनाशी २,५०० ठरवले होते, त्याच्यावर एक रुपया नाही. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा बोली २,२०० ची आणि ती माझी, स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं की तुमची बोली सर्वांत वरची आहे. चाळीस सेकंद राहिले आणि लाल झालं. कोणीतरी २,४०० केले. मी २,६०० केले, म्हणजे ठरवलेली हद्द तिथेच ओलांडली, पण ते तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. आणि बऱ्याच साइटवर असं असतं की शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ परत दोन-तीन मिनिटं पुढे जातं, त्यामुळे हा खेळ पंचवीस मिनिटं चालला, जेवणाचं ताट समोर गार झालं, मुलीने दोनदा हाक मारली, आणि मी ६,८०० ला ती शिवराई घेतली. त्यावर लिलाववाल्याचं कमिशन, जीएसटी, कुरिअर. छातीत धडधड होत होती आणि मला सांगायला हवं की त्या क्षणी मला फार म्हणजे फार आनंद झाला होता. चार दिवसांनी पाकीट आलं तेव्हा मी दुसऱ्या लिलावात होतो. ते ड्रॉवरमध्ये गेलं.

हे असं का होतं याचं शास्त्र आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या संशोधकाने माकडांवर प्रयोग केले, खूण दाखवायची आणि मग फळांच्या रसाचे थेंब द्यायचे. मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी सुरुवातीला रस मिळाल्यावर उसळायच्या, पण माकडाला सवय झाली तशी ती उसळी रसावरून खुणेवर सरकली, रस मिळताना काहीच नाही. आणि २००३ मध्ये त्यांनीच दाखवलं की रस मिळेल की नाही हे निम्मं-निम्मं असेल तेव्हा त्या वाट बघण्याच्या काळात या पेशींचं काम सगळ्यात जास्त चालतं. मी हे वाचलं तेव्हा मला माझा ड्रॉवर दिसला. नाणं म्हणजे तो रस. माझी उसळी त्याच्या आधीच, घड्याळ उलटं चालत असताना होऊन गेलेली असायची, मग पाकीट उघडायला हात कुठून जाणार!

दुसरी गोष्ट त्या हिरव्या अक्षरांची. सर्वांत वरची बोली आपली आहे असं दिसलं की नाणं मनाने आपलं होऊन जातं, त्याला अल्बममध्ये जागासुद्धा ठरते. मग कोणी वर गेलं की आपल्या हातातलं हिसकावून नेल्यासारखं वाटतं. जुन्या बाजारात मी फडक्यावरून उठून यायचो कारण ते नाणं त्या माणसाचं होतं. इथे आपण आपल्याच वस्तूसाठी भांडतोय असं वाटतं.

खरं तर यावर उपाय त्या यंत्रणेतच दिलेला असतो. तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम एकदाच टाकायची, कॉम्प्युटर तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतो, दुसरा जिथे थांबला त्याच्या एक पायरी वर नाणं तुम्हाला मिळतं. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडलं होतं की दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीला वस्तू मिळणार असेल तर आपल्याला खरंच जेवढी किंमत वाटते तेवढी लिहून गप्प बसण्यात शहाणपण आहे, त्यांना १९९६ ला नोबेलही मिळालं. पण विकरींचा माणूस आधी किंमत ठरवून येतो. आपण ठरवून येतच नाही हो! समोरचा अनोळखी माणूस वाढवतो म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार, असं वाटून आपली किंमत त्याच्या बोटाने वर चढते, आणि त्याची आपल्या.

याचा मला बसलेला फटका सांगतो. ब्रिटिश इंडियाच्या रुपयांत १९३९ चा मुंबई टांकसाळीचा चांदीचा रुपया फार दुर्मिळ. जॉर्ज सहावा, वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदी जवळजवळ ९२ टक्के, १९४० पासून ती निम्म्यावर आणली. मला तो एका साइटवर ३१,००० ला मिळाला. खरा याच्या कितीतरी पट जातो, त्यामुळे मी रात्रभर जागा होतो आनंदाने. आला तेव्हा भिंग लावलं, आणि शेवटच्या ९ च्या पोटाशी बारीक कोरल्याची खूण. १९३८ चा ८ खरवडून ९ केलेला. फोटोत ते दिसत नव्हतं, किंवा मला बघायचं नव्हतं. विकणाऱ्याने हात वर केले. नंतर कळलं की १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी हेच तेलाच्या क्षेत्रांच्या लिलावांबद्दल लिहून ठेवलंय, लिलावात जिंकतो तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त चुकलेला अंदाज करणारा असतो. बाकीचे जाणकार त्या रुपयावर थांबले होते, आणि त्यांच्या थांबण्यातच मला उत्तर होतं.

माझं ३१,००० वर निभावलं, पण मला रात्री साडेअकराला एका तरुण मुलाचा फोन आला होता, सव्वीस-सत्तावीसचा असेल, क्रेडिट कार्डावर नाणी घेत गेला आणि आता हप्ते पगाराच्या पुढे गेलेत, घरी सांगितलेलं नाही. तो मला विचारत होता की काका, चालू लॉट सोडून देऊ का, त्याला अजून सहा मिनिटं आहेत. मी म्हणालो, बाळा, ती सहा मिनिटं माझ्याशी बोल. बोलला. कुठल्या अल्बममध्ये कितवं भोक रिकामं आहे ते सांगत राहिला. ही अल्बमची भोकं पण वाईट असतात, साल छापलेलं आणि आत काहीच नाही, सारखं बोलावत राहतं.

तर त्या दिवाळीनंतर मी काय केलं, दर रविवारी एक पाकीट उघडायचं ठरवलं. नवीन काही घ्यायचं नाही, फक्त उघडायचं, वजन करायचं, वहीत लिहायचं. अकरा रविवार. तिसऱ्या पाकिटात १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया निघाला. त्याच्या छातीवरच्या साखळीत हत्ती आहे पण सोंड अशी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ ला हत्ती नीट काढून दिला. हे मी घेताना मला माहीत होतं, पण तो हत्ती भिंगाखाली धरून बघितलाच नव्हता! पाऊण तास बघत बसलो. संध्याकाळी मुलगीही येऊन बसली.

मग आठवलं की आपण नाशकात राहतो. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासून, आणि मी इतकी वर्षं त्र्यंबकला जाताना तिच्यावरून गाडी पुढे नेत होतो. आपल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे मारून घेतलेले, खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा पुरावा असा हातात मावतो. ते बघायला बोली लावावी लागत नाही.

मी लिलाव सोडलेले नाहीत, तसं सांगितलं तर खोटं होईल. महिन्यातून एकदा एक रक्कम कागदावर लिहितो, कागद बायकोकडे देतो, तीच रक्कम साइटवर टाकतो आणि फोन फ्रिजवर ठेवून फिरायला जातो. बहुतेक वेळा हरतो. पहिले तीन-चार महिने फिरताना पाय घराकडे वळायचे, आता कमी झालंय.

ही ती ६,८०० ची शिवराई. पाचव्या रविवारी उघडली. एका बाजूला तीन ओळीत श्री, राजा, शिव, दुसऱ्या बाजूला छत्र, पति. पत्रा ठशापेक्षा लहान असल्यामुळे अक्षरं कडेला कापली जातात, हिच्यावरचा 'पति' चा 'ति' अर्धाच आलाय बघा. शिवराई शिवाजी महाराजांनंतर पेशवाईतही पाडली जायची, ही नंतरचीच असावी असं मला अक्षरावरून वाटतं. साफ केलेली नाही, चिंच-मीठ कधीही लावू नका, तो काळपट थर हेच तिचं वय आहे. पुढच्या रांगेपासून फिरवतो. कडेला धरा, मधे बोट लावू नका, आणि घाई करू नका, मागच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर मी थांबतो.