मोजपट्टी आणि पापलेट

(मंडळाच्या डिसेंबरमधील मुंबई मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे नीटनेटके करून.)

मित्रहो, मंडळ न्यूझीलंडचे आणि मेळावा दादरला, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. पण डिसेंबरात आपल्यापैकी निम्मे लोक इथेच असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मला बोलायला सांगितले आहे ते नोव्हेंबरातल्या ट्राउट मासे धरायच्या सहलीविषयी. मात्र परवा सकाळी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने इथल्या बाजारात जे विचारले, त्यानंतर ती सहल मला पूर्वीसारखी आठवेनाशी झाली आहे.

पाच कुटुंबे पहाटे हॅमिल्टनहून निघून तुरांगीला, तोंगारिरो नदीवर पोहोचलो. तिथे गळाला गांडूळ लावून चालत नाही. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशीच लागते. ती इतकी हलकी असते की फेकायचा तो जड दोर, माशीने नुसते त्याच्या मागोमाग जायचे, हे मला तीन तासांनी उमगले. तोवर माझ्या गळाला एक झुडूप, मेव्हण्याची टोपी आणि माझीच बाही लागून गेली होती. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, त्यामुळे त्याच्या मागून, पाय न वाजवता जावे लागते. आपण तेवीस जण होतो. काठावर डबे उघडत होते, पुऱ्या मोजल्या जात होत्या, कोणीतरी पार पलीकडे ओरडून ‘चिवडा हवा का’ म्हणून विचारत होते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक गोरा म्हातारा इतक्या शांतपणे दोर गुंडाळून निघून गेला, की त्याने शिवी हासडली असती तर बरे वाटले असते. पुढच्या वर्षी निदान चिवडा तरी हळू आवाजात वाटावा, ही विनंती.

दुपारी एकच ट्राउट लागला, तोही लेकीच्या गळाला. सगळ्यांचे परवाने काढलेले, एका नदीचे शेवाळ दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून बूट धुऊन वाळवलेले, खिशात मोजपट्टी. हात ओले करून मासा धरला, पट्टीला लावला, लांबीत बसला नाही म्हणून सोडून दिला. मग मी दगडावर बसून तिला व्याख्यान दिले: लहान मासा वाढू द्यावा, म्हणजे पुढे नदीत मासे राहतात. (तिकडे ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे, खायचा तर स्वतः धरावा लागतो, आणि म्हणूनच आमच्या घरी तो अजून शिजलेला नाही.) व्याख्यानात हेही आले की हा मासा आपल्यासारखाच बाहेरून आलेला आहे, ब्राउन ट्राउट १८६७ मध्ये टास्मानियातून आणि रेनबो १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून. तो आल्यावर तिकडच्या तलावांतल्या मूळच्या कोआरो माशाचे हाल झाले, एवढे मात्र मी गाळले.

आता परवाची गोष्ट. बाजारात मावशींच्या पाटीत मोठी पापलेटे होती, पण भाव ऐकून मी सवयीने म्हणालो, ‘त्यापेक्षा ती लहान द्या, तळायला बरी.’ लेकीने माझा शर्ट ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘बाबा, ही मोजली का? तिकडे तू मोजतोस, इथे का नाही?’

मावशी हसल्या नाहीत. ‘बाय गो, बरोबर बोलतेस. पण तुझा बापूसच लहान मागतो ना. मोठी कोण घेत नाही, लहान सगळे नेतात.’

पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाले, ते कमी होत चालले आहे म्हणूनच. किती लहान मासा धरू नये याचे नियम इथेही आहेत. ते मला माहीत होते, हे सांगताना अधिक लाज वाटते.

घरी भांडण झाले. माझ्या आईचे म्हणणे असे की चारचौघांत पोरीने बापाला अक्कल शिकवली. नियमांचे आम्हाला सांगू नका, पावसाळ्यात बोटी बंद असायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोळी समुद्रात जात नसत, ते काय मोजपट्टी घेऊन? मी मान डोलावली. तेवढ्यात तिने ताटात गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, वाढली, लेकीने गाबोळी म्हणजे काय ते विचारले, आणि मग दोघीही जेवल्या नाहीत.

आपण तिकडे परवान्याची पावती जपून ठेवतो, बुटांचे तळवे घासतो, आणि विमानतळाबाहेर पडताच इथले सगळे ‘चालते’ म्हणून मोकळे होतो. हे मी तुम्हाला सांगत असलो तरी पिशवी माझ्याच हातात होती. मला काळजी वाटते ती वेगळीच. लेकीला लांबी मोजता येते, पण बांगडा आणि सुरमई तिला ओळखता येत नाहीत. मावशींशी घासाघीस करता येत नाही, आणि ती शिकवायची तर ती मीच शिकवणार, म्हणजे ‘लहान द्या’ हेही त्यात आलेच.

उद्या पुन्हा बाजारात जायचे आहे. लेक मोजपट्टी बरोबर घेणार म्हणते. आई म्हणते, तिला घरीच ठेव. मी अजून दोघींपैकी कोणालाच उत्तर दिलेले नाही.