विचारायचं कुणाला? डोंबिवलीचं 2025

2025 साल उजाडलं तेव्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटतही नव्हतं, कारण नोव्हेंबर 2020 मध्ये जुन्यांची मुदत संपली, मग कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचं प्रकरण, मग प्रभाग रचना, असं करत करत सगळा कारभार प्रशासकाच्या हातात गेला तो गेलाच. गटार तुंबलं की ज्याच्या दारात जाऊन बेल वाजवायची तो माणूस अजून तिथेच राहत होता, पण माजी म्हणून.

वर्षाची सुरुवात झाली 65 बेकायदा इमारतींच्या टेन्शनमध्ये. फ्लॅट घेताना आपण काय बघतो, रेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) आहे का, बँक लोन देतेय का, रजिस्ट्रेशन होतंय का. इथे हे सगळं झालं होतं, फक्त मुळात महापालिकेची बांधकाम परवानगीच बोगस होती आणि त्याच कागदांवर रेराचा नंबरही मिळाला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने सांगितलं, तीन महिन्यांत पाडा. म्हणजे बरोबर फेब्रुवारीत मुदत येत होती. आता बेकायदा ते बेकायदाच, त्यात वाद नाही, पण मजल्यावर मजले चढत होते ते काय एका रात्रीत चढले का? ज्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं त्यांचं घर काही रिकामं होणार नव्हतं, ज्याचा हप्ता चालू होता त्याचंच होणार होतं.

22 एप्रिलला काश्मीरमध्ये पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. डोंबिवलीतले तिघे गेले, एकमेकांच्या नात्यातले, फॅमिलीसोबत फिरायला गेलेले. भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला गर्दी लोटली होती. त्याबद्दल जास्त काही बोलवत नाही.

मे महिन्यात कल्याण पूर्वेत एका जुन्या इमारतीचा स्लॅब कोसळला तो खालचे मजले घेत थेट तळाला आला, 6 जण गेले. मग दरवेळेप्रमाणे धोकादायक इमारतींची यादी, नोटिसा, स्ट्रक्चरल ऑडिट. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा तेच ऐकायचंय.

आणि मग 9 जून. सोमवार, सकाळी नऊच्या सुमाराची वेळ, दिवा-मुंब्रा मधला तो वळणाचा ट्रॅक. एक लोकल सीएसएमटीकडे जाणारी, दुसरी समोरून येणारी, दोन्हीच्या दारात माणसं लटकलेली, आणि वळणावर गाड्या एकमेकींकडे झुकल्या तशी दारातली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. त्याच दिवशी चौघांचा मृत्यू झाला. बाहेरचे लोक लगेच म्हणतात, लटकायचं कशाला? अहो, कसारा-कर्जतवरून येणारी गाडी डोंबिवलीला येते तेव्हाच आतमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सीट हवी म्हणून लोक सकाळी उलटे कल्याणला जातात. ज्याला तेवढा वेळ नाही त्याचा एक पाय फुटबोर्डवर, एक हात दांड्याला, बॅग छातीशी. दार हा त्याचा शौक नाही, उरलेली जागा आहे.

रेल्वेने त्याच दिवशी ऑटोमॅटिक दारांच्या नॉन-एसी लोकलची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये याच अपघातासाठी रेल्वेच्या इंजिनिअर्सवर गुन्हा दाखल झाला, त्याच्या निषेधार्थ 6 तारखेला ऐन संध्याकाळी कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला गाड्या रोखल्या. ट्रॅकवरून चालत निघालेल्या लोकांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवलं, त्यातही जीव गेले. म्हणजे अपघात झाला तेव्हाही मेला तो प्रवासी आणि अपघाताची कारवाई झाली तेव्हाही तोच.

जुलैमध्ये पलावाचा पूल. कल्याण-शीळ रोडला अडकलेल्या माणसाला विचारा या पुलाची किती वाट बघितली ते. 4 जुलैला उद्घाटन झालं आणि काही तासांत बंद, कारण खडी-डांबरावरून टू-व्हीलर घसरायला लागल्या. मीम्स मात्र टिकाऊ निघाले.

ऑगस्टमध्ये महापालिकेने 15 ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला आणि राज्यभर गदारोळ. प्रशासन म्हणालं, हा 1988 चा ठराव आहे, दरवर्षीच काढतो. असेलही, पण एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सभागृह भरलेलं असतं तर निदान हे भांडण तिथे झालं असतं, इथे ते टीव्हीवर झालं.

वर्षाच्या शेवटी अचानक सगळ्यांना डोंबिवली आठवली. डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण जुलैमध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झालेले, खासदार शिंदेंच्या शिवसेनेचे श्रीकांत शिंदे, दोघांचे पक्ष सत्तेत एकत्र, आणि इथे एकमेकांची माणसं पळवणं चालू. इतकं की 18 नोव्हेंबरला शिंदे गटाच्या मंत्र्यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीकडेच पाठ फिरवली. इमारतींसाठी नाही, लोकलसाठी नाही, कोण कुठल्या पक्षात गेला यासाठी.

डिसेंबरमध्ये तारीख लागली, 15 जानेवारी 2026, जागा 122. 2015 नंतर पहिल्यांदाच मतदान. आणि अर्ज मागे घ्यायची मुदत संपली तेव्हा कळलं, बऱ्याच जागा तर बिनविरोधच निघाल्या, तिथे बटण दाबायची वेळच आली नाही.